खडकाकडे पाठ

सकाळी जानकी खोलीचं दार लोटून आत आली, की पिशवी खाली ठेवायच्या आधीच पलंगावरून प्रश्न यायचा.

"मागून कोणी आलं नाही ना?"

"कोणी नाही, सिस्टर. मी एकटीच."

"नीट बघितलंस?"

"बघितलं. नाक्यावर रिक्षावाले, गेटवर वॉचमन, जिन्यात ती काळी मांजर. बस, एवढंच."

मग सिस्टर डिंफनांचे खांदे जरा सैल पडत. जानकी पिशवी खुंटीला अडकवी, पदर खोची आणि गुडघ्यावर हात टेकून पलंगाखालचं भांडं काढायला वाके. वाकताना एक 'आई गं' निघे. ती कोणाला ऐकवण्यासाठी नसे. डोक्यावरच्या पंख्याची कुरकुर जशी असायची, तशी तीही असायची.

बोरिवली पश्चिमेला, टॉवरांनी चारी बाजूंनी घेरलेल्या एका गल्लीत ते जुनं दुमजली कॉन्व्हेंट होतं. समोरच्या टॉवरमधल्या बायकांनी गॅलरीत वाळत घातलेल्या दुपट्ट्यांचे रंग वरच्या खोलीतून ओळखू येत. पूर्वी त्या जागी केळी होत्या, असं सिस्टर सांगायच्या. सिस्टरांनी इथलं बरंच काही 'पूर्वी'चं पाहिलं होतं. आयर्लंडच्या पश्चिम टोकाला, जिथं वाऱ्यामुळे झाडंही एका अंगाला कलून वाढतात, अशा एका डोंगराळ गावातून त्या ऐन विशीत बोटीने मुंबईला आल्या आणि इथल्याच झाल्या. शाळेत भूगोल शिकवला, शिवण शिकवलं. मराठी शिकल्या त्या वर्गातल्या पोरींकडूनच, त्यामुळे नव्वदी जवळ आली तरी त्यांच्या तोंडात 'अगं', 'चल, काहीतरीच' असायचं. डिंफना हे नाव पोरींच्या जिभेवर काही बसलं नाही. त्यांनी केव्हाच 'डिंपल सिस्टर' करून टाकलं होतं आणि सिस्टरांनीही ते निमूट चालवून घेतलं होतं.

जानकी आधी स्वयंपाकघरात लागली. दहिसरला चाळीत घर, मिल बंद पडल्यापासून मिळेल ते काम धरणारा नवरा, एक मुलगा. सिस्टरांचे पाय गेले तेव्हा मोठ्या सिस्टर लव्हीनांनी तिला वर पाठवलं. "तुझ्याशी तिचं जमतं," म्हणाल्या. जमत होतं खरं. पण माणूस उचलायचं, कुशीवर वळवायचं, पुसायचं, भरवायचं, म्हणजे साठीच्या उंबरठ्यावरच्या बाईची पाठ किती दिवस साथ देणार? ईस्टर झाला की काम सोडायचं, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. सून श्रुतिकाला सांगूनही टाकलं होतं. सिस्टरांना मात्र सांगितलं नव्हतं. ते कसं सांगायचं, हेच कळत नव्हतं.

जमायला सुरुवात झाली होती ती गोष्टींपासून. दुपारी भांडी आवरली की जानकी मागच्या व्हरांड्यात तांदूळ निवडायला बसे. सिस्टर खुर्ची ओढून शेजारी येत, एखाद्या पोरीची चुकलेली शिवण उसवत. जानकीची समजूत अशी, की तिकडे, सिस्टरांच्या देशात, सगळीकडे चर्च, सगळीकडे मेरी, देवाचं नाव घ्यायला कोणाची आडकाठी नाही. एकदा ती तसं म्हणाली, तर सिस्टरांनी हातातली सुईच खाली ठेवली.

"काहीतरीच! अगं, माझ्या पणजीच्या पणजीच्या वेळेला आमच्याकडे फादर दिसला की धरून देत. इनाम होतं त्याला."

"चोरी करायचे?"

"मिस्सा करायचे. म्हणजे आमची रविवारची पूजा. राज्य इंग्रजांचं, त्यांचा पंथ वेगळा. आमचे फादर नकोत, आमची देवळं नकोत. मग लोक डोंगरात जायचे. तिथे एक मोठा सपाट खडक होता. त्यावर कापड घालायचं, मेणबत्ती लावायची, झाली मिस्सा. पाऊस असो, बर्फ असो."

"आणि फादर यायचे कसे? झगा घालून?"

"वेडी आहेस का? कधी सुया-दोरे विकणारा होऊन यायचे, कधी बाजा वाजवणारा. एकदा एका हलकटाने आजारी पडल्याचं सोंग घेतलं, फादर मरणाऱ्याला लावतात ते तेल लावायला आले नि पलंगाखालून शिपाई निघाले. असली माणसंही होती."

त्यात एक गोष्ट पडद्याची होती, आणि ती जानकीला सर्वांत आवडायची. खडकासमोर, लोक आणि फादर यांच्या मध्ये, एक चादर धरत. पलीकडून नुसता आवाज येई. उद्या कोणी शपथेवर विचारलं, की मिस्सा कोणी केली, तर लोकांनी बिनधास्त सांगावं, आम्ही तोंड पाहिलं नाही.

"म्हणजे अंतरपाटच की, सिस्टर!"

सिस्टर खुदकन हसल्या होत्या. विद्यार्थिनींच्या लग्नांत त्यांनी बक्कळ अक्षता टाकल्या होत्या. "तुमच्या अंतरपाटामागे नवरा असतो. आमच्या मागे फाशी जाणारा माणूस."

आणि खडकाभोवती राखण असे. चार बाजूंना चार माणसं, डोंगराखालच्या वाटांवर डोळे लावून. खडकाकडे पाठ. मिस्सा चालू असताना वळायचं नाही.

"आमच्या गावाला पण राखणदार आहे," जानकी म्हणाली होती. "पण तो देव. शिवेवरून फिरतो, गावाला जपतो. त्याला वहाणा वाहतात. वर्षाने बघायचं, तर तळ झिजलेले."

"देवाच्या वहाणा झिजतात?"

"झिजणारच. एवढं चालायचं म्हणजे काय!"

सिस्टरांनी दोरा दाताने तोडला. मग त्यांनी आपल्या घराण्यातल्या एका पूर्वजाची गोष्ट सांगितली. ती त्या एरवी सांगत नसत, आणि जानकीनेही ती मोजून दोन-तीनदाच ऐकली.

तो खडकाच्या पूर्वेचा राखणदार. लहानपणापासून तेच काम. मिस्सा त्याच्या पाठीमागे होई, त्याने कधी पाहिली नव्हती. मिस्सेत पवित्र भाकर वर उचलताना एक लहान घंटा वाजते, ती तेवढी ऐकू येई. एका नाताळच्या पहाटे ती घंटा वाजली आणि तो वळला. एकदाच. लोक नंतर सांगत, की त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. तेवढ्यात लाल डगलेवाले इंग्रज शिपाई चढ चढून वर आले. फादरांचा जीव खडकावरच गेला.

"मग गावाने काय केलं त्याला?"

"काही नाही. कोणी एक शब्द बोललं नाही. फक्त आमच्या घरातल्या माणसाला पुन्हा कधी राखणीला बोलावलं नाही." सिस्टरांनी सुईत दोरा ओवला. "माझ्या आजीला विचारलं तर ती म्हणायची, आपण वळणाऱ्यांच्या घरचे."

हे सगळं जुनं. नंतर सिस्टरांचं डोकं हळूहळू उसवत गेलं. आधी नावं गेली, मग वार. त्या वेळी कोणाला त्यात फार काही वाटलं नाही. वय झालं की होतं, असंच सगळे म्हणत. मग जेवण सुटलं. तोंड घट्ट मिटून घ्यायच्या. जानकी मऊ पेज करी, त्यात चिमूटभर मीठ घाली, चमचा ओठाशी धरून बसे, नि पेज निवून जाई. एक दिवस कंटाळून, अंगात त्राण नसताना, ती म्हणून गेली, "लवकर गिळा, सिस्टर, ते बघा लाल डगलेवाले चढावर आले! आपण खाऊन दार लावून घेऊ."

सिस्टरांनी झटकन तोंड उघडलं. वाटी संपली.

पोराला बागुलबुवा दाखवून भरवायचं, यात नवीन ते काय? जानकीने आपल्या देवेशला असंच वाढवलं होतं. सिस्टर लव्हीना त्या वेळी दारातच होत्या. त्याही हसल्या, आणि पुढे जानकीच्या सुट्टीच्या दिवशी त्यांनीसुद्धा इंग्रजीतून शिपाई बोलावले. जेवण होत होतं, औषध पोटात जात होतं. दोघींनाही बरं वाटत होतं.

फक्त पोराचा बागुलबुवा जेवण झालं की निघून जातो. इथले शिपाई गेले नाहीत. ते कपाटामागे राहिले, जिन्यात राहिले, समोरच्या टॉवरच्या गच्चीवर उभे राहिले. सिस्टर रात्रीचा दिवा लावू देईनात. आणि दर रविवारी कम्युनियनची भाकर घेऊन येणारे फादर मेल्विन, मढच्या कोळीवाड्यातला उंचापुरा हसरा माणूस, नेहमीप्रमाणे पांढरा झगा घालून, पुढे घंटा वाजवत येणारी एक सिस्टर, अशा थाटात दारात आले, तेव्हा त्यांना पाहून सिस्टर डिंफनांच्या अंगात कुठलं बळ आलं कोण जाणे.

"पळा! तुम्हाला धरतील!" त्यांनी फादरांचा हात पकडून त्यांना थेट न्हाणीघरात ढकललं आणि बाहेरून कडी घातली. वॉकरला धरून, दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. कोणाला जवळ येऊ देईनात.

आतून फादरांचा आवाज आला, "जानकीबाई, इथे बादली भरलीये. नळ बंद करू का?"

"करा, फादर. आणि आवाज करू नका, नाहीतर आणखी वेळ लागेल."

सगळे नंतर हसले. पुढच्या रविवारी पुन्हा तेच झालं. त्याच्या पुढच्या रविवारी सिस्टरांनी पाण्याचा पेला भिरकावला. मग फादरांचं येणं थांबलं.

मार्चची उन्हं तापायला लागली आणि सिस्टर डिंफना अंथरुणाला खिळल्या. डॉक्टर तपासून गेले. जाताना जिन्यात सिस्टर लव्हीनांना म्हणाले, आता दिवसांचीच गोष्ट आहे, जे काय करायचं असेल ते करून घ्या. करायचं होतं ते एकच. पापकबुली, शेवटचं तेल, कम्युनियन. सत्तर वर्षांच्या व्रतानंतर सिस्टरांना ते मिळालं नाही, तर काय मिळालं?

त्या दुपारी सिस्टरांचं डोकं अचानक स्वच्छ झालं. कधी कधी होई तसं. त्यांनी जानकीचा हात धरला.

"जानकी, मला फादर पाहिजेत."

"बोलावते की. आत्ता फोन करते."

"नको." हात घट्ट झाला. "ते येतील. आणि माझ्यामुळे त्यांना धरतील. आमच्या घराने एक फादर घालवला. दुसरा नको."

"इथे कोण धरतंय, सिस्टर? ही बोरिवली आहे."

सिस्टरांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू ही बाई आपल्याला मूर्ख समजतेय. मग डोळ्यांत तेच धुकं आलं आणि त्या कपाटाकडे बघत राहिल्या.

संध्याकाळी घरी आल्यावर जानकीने चहा टाकला नि तशीच ओट्याला टेकून उभी राहिली. नवरा, काशीराम, खाटेवर बसून पायाला तेल चोळत होता. मिल बंद पडल्यावर त्याने बरीच वर्षं मालाडच्या एका सोसायटीत वॉचमनकी केली होती. आता छातीने साथ सोडली होती, म्हणून घरी.

"बेशुद्ध झाल्यावर लावतील तेल," जानकी म्हणाली. "लव्हीना सिस्टर म्हणतात, तसंही चालतं. पण म्हातारीला कळायला नको? ती मागतेय ना तोंडाने. आणि भिऊन मरायचं म्हणजे काय? भीती घातली ती आम्हीच. पेजेच्या वाटीसाठी."

काशीरामला ती राखणदाराची गोष्ट ठाऊक होती. जानकीकडून त्याने ती ऐकली होती, पण कधी काही म्हटलं नव्हतं. आज म्हणाला, "तो वळलो तां बरोबर नाय. पण माणूस तो. किती दिस नुसती पाठ करून उभो रवतलो?"

"म्हणजे?"

"सोसायटीत सत्यनारायण असायचो. वर आरती चलायची, माका गेटवर आवाज येयचो. गाडी इली की गेट उघडूचा, गाडी गेली की गेट लावूचा. कधी कोणी पुठ्ठ्याच्या डिशीत प्रसाद आणून देयचो, कधी इसरायचे." त्याने तेलाची बाटली बंद केली. "माका पण वर जाऊन बघूचा वाटायचा. मी गेलंय नाय, इतक्याच."

चहा उतू गेला तेव्हा जानकी धावली.

दुसऱ्या दिवशी तिने फादर मेल्विनना मागच्या दाराशी गाठलं.

"फादर, झगा घालून येऊ नका."

"शर्टपँटमध्ये येतो."

"तसे पण नको. तुमचं तोंड त्यांना पाठ आहे. कोणीतरी होऊन या. त्यांच्याकडे फादर असेच यायचे, सोंग घेऊन. आणि मध्ये चादर लावू. त्या तोंड बघणार नाहीत, म्हणजे उद्या कोणी विचारलं तर त्यांना खोटं बोलायला नको. आणि जिन्यात राखणीला मी."

सिस्टर लव्हीना मागे उभ्या होत्या. मंगळूरच्या, सरळ रेषेत चालणाऱ्या बाई. त्यांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेल्या महिन्यात चांगलीच वाढली होती.

"जानकी, हे नाटक आहे. संस्काराचं नाटक करायचं?"

"शिपायांचं केलं की आपण, सिस्टर. पेजेसाठी."

फादर मेल्विन डोकं खाजवत म्हणाले, "सिस्टर, करोनात मी हॉस्पिटलात तेल लावायला जायचो ना, तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत तो पांढरा प्लॅस्टिकचा सूट. वर चष्मा, वर मास्क. कितीतरी माणसं गेली, त्यांनी माझं तोंड पाहिलं नाही. ते कोणाला नाटक वाटलं नव्हतं."

"ती वेळ वेगळी होती."

"त्यांची वेळ हीच आहे," फादर म्हणाले.

लव्हीनांनी क्रूसावर हात ठेवला. "दुपारी करा. त्या वेळी शाळा सुटलेली असते."

पिशवी धोंडू नळवाल्याची घेतली. कॉन्व्हेंटची टाकी वर्षभर गळायची, त्यामुळे धोंडू तिथलाच झाला होता. त्याने सामान काढून ठेवायला साफ नकार दिला. "रिकामी पिशवी घेऊन कुठला नळवाला फिरतो, फादर? खरं वाटायला पाहिजे ना. मोठा पाना तेवढा सांभाळा, तो माझ्या बापाचा आहे." मग पान्याच्या नि सुतळीच्या गुंडाळ्याच्या मधोमध, स्वच्छ रुमालात बांधून, तेलाची डबी आणि कम्युनियनची डबी ठेवली. फादरांनी धोंडूची टोपीही घातली. ती त्यांच्या डोक्याला लहान पडत होती.

जानकीने खिडकीच्या गजापासून कपाटाच्या हँडलपर्यंत निळ्या चौकड्यांची चादर बांधली. सिस्टर बघत होत्या.

"हे काय?"

"अंतरपाट," जानकी म्हणाली. मग तिने त्यांच्या कानाशी वाकून, गुडघे दुखत असताना, सावकाश सांगितलं. "ते येणार आहेत. नळवाला होऊन. चादरीच्या पलीकडे बसतील. तुम्ही तोंड बघायचं नाही. मी बाहेर उभी आहे. जिन्याकडे डोळे, खोलीकडे पाठ."

सिस्टरांचे डोळे तिच्या चेहऱ्यावर फिरत राहिले. "तू वळशील."

"नाही वळणार."

"सगळे असंच म्हणतात."

"मी आमच्या गावच्या राखणदाराची शपथ घेते. त्याच्या वहाणा झिजल्या, पण तो वळला नाही."

हे तिने कुठून काढलं, तिलाच ठाऊक नव्हतं. राखणदार कधी वळला की नाही, हे गावात कोणी विचारलंच नव्हतं. पण सिस्टरांनी मान हलवली.

जानकी जिन्याच्या वळणावर येऊन उभी राहिली. तिथून खाली गेट दिसायचं आणि गल्लीचं तोंड. वॉचमन प्लॅस्टिकच्या खुर्चीत पेंगत होता. समोरच्या टॉवरला रंगाचा डबा लटकला होता, तिथे दोन माणसं दोरीवर बसून भिंत रंगवत होती. उन्हाने रस्ता पांढरा पडला होता. फादर मेल्विन जिना चढून आले, पिशवीतला पाना प्रत्येक पायरीला खणखणत होता. तिच्याजवळून जाताना त्यांनी नुसती मान डोलावली आणि आत गेले. दार उघडंच राहिलं.

"जानकी?" आतून आवाज आला.

"आहे."

"पाठ इकडे?"

"इकडेच."

मग फादरांचा हलका आवाज, इंग्रजीत. मग सिस्टरांचा. शब्द लागत नव्हते, आणि लावून घ्यायचेही नव्हते. कबुली अशी ऐकायची नसते, एवढं तिला कळत होतं. ती रंगाच्या डब्याकडे बघत राहिली. गुडघ्यात आधी कळ आली, मग ती कळ मांडीपर्यंत चढली. तिने एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकला. बसायला पायरी होती, पण राखण बसून होत नाही, असं तिला वाटलं. काशीराम गेटवर कसा उभा राहायचा ते आठवलं. सुट्टीच्या दिवशी घरी आला, की तासभर पाय वर करून पडायचा आणि तिला वाटायचं, हा नुसता उभाच तर असतो.

खालून पावलं वाजली. सिस्टर लव्हीना जिना चढत होत्या, हातात पाण्याचा पेला. जानकीने न बोलता तळहात पुढे केला. थांबा.

लव्हीना थांबल्या. वरच्या दाराकडे बघितलं, जानकीकडे बघितलं. मग पेला कठड्यावर ठेवला आणि मागे फिरल्या.

"खालचं दार मी बघते," त्या म्हणाल्या, आणि खालच्या पायरीवर जाऊन, गेटकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

आत आवाज थांबला. मग सिस्टर डिंफनांचा एक आवाज आला. तो हसण्याचा होता की रडण्याचा, जानकीला ओळखता येईना. इतकी वर्षं त्यांना न्हाऊ घातलं, भरवलं, त्यांचं प्रत्येक कण्हणं तिला कळत होतं, पण हा आवाज तिने आधी कधी ऐकला नव्हता. मान आपोआप फिरू लागली. हनुवटी खांद्यापर्यंत गेली. एकदाच बघू, कोणाला कळणार? तिने कठडा धरला आणि डोळे पुन्हा रस्त्यावर आणले. रस्त्यावर काहीच नव्हतं. एक कुत्रा पाण्याच्या डबक्यात पाय बुडवून उभा होता. ती त्या कुत्र्याकडे बघत राहिली, जणू तोच लाल डगला घालून आला होता.

शेवटी दारात पावलं आली.

"झालं, जानकीबाई," फादर म्हणाले. आवाज जड होता. "सगळं घेतलं त्यांनी. आता वळलात तरी चालेल."

"तुम्ही आधी गेटबाहेर पडा."

फादर क्षणभर थांबले. मग टोपी सारखी करून जिना उतरले. पाना खणखणत गेला. लव्हीनांनी दार उघडलं. वॉचमनने एक डोळा उघडून पाहिलं आणि पुन्हा मिटला. गल्लीच्या तोंडाशी मेडिकलचं दुकान होतं, तिथे फादर वळले, दिसेनासे झाले. तरी जानकी उभीच होती. मागून कोणी जात नाही ना, हे बघायला नको?

"गेले?" आतून क्षीण आवाज.

"गेले. सुखरूप."

"कोणी पाहिलं?"

"वॉचमनने. त्याला वाटलं, नळवाला."

आत पुन्हा तो मघाचा आवाज झाला. हसण्याचाच होता.

"तू वळलीस?"

"नाही." जानकीने ओठ चाटले. ते कोरडे झाले होते. "पण वळावंसं वाटलं, सिस्टर. फार वाटलं. आमचे हे म्हणतात, तुमच्या घरचे ते राखणदार माणूसच होते. इतकी वर्षं पाठ करून उभे राहिले. एकदा वळले."

ती वळायला गेली तर गुडघे अडकले होते. कठड्याला धरून, एक एक पाय उचलून ती खोलीत आली. चादर तशीच होती. पलीकडे सिस्टर डोळे मिटून पडल्या होत्या, कपाळावर तेलाचा डाग चमकत होता. झोपल्या होत्या. जानकीने चादर सोडली नाही. पलंगाच्या पायाला पाठ टेकून ती फरशीवर बसली, पाय लांब केले आणि उन्हाचा तुकडा भिंतीवरून सरकताना बघत राहिली. ईस्टरनंतर काम सोडायचं, हे सांगायचं राहूनच गेलं होतं. आता सांगावं लागणार नाही, हे तिला कळत होतं, आणि त्याचं तिला बरं वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दार लोटलं आणि पिशवी हातात घेऊन तशीच थांबली. प्रश्न आला नाही. सिस्टर जाग्या होत्या, उशीवर मान कलती करून खिडकीबाहेर बघत होत्या. समोरच्या गॅलरीत कोणीतरी पिवळा दुपट्टा वाळत घातला होता.

"मागून कोणी आलं नाही, सिस्टर," जानकी आपणहून म्हणाली.

सिस्टरांनी तिच्याकडे पाहिलं. जरा नवलानेच.

"कोण येणार होतं?"

"कोणी नाही," जानकी म्हणाली, आणि पिशवी खुंटीला अडकवून, 'आई गं' म्हणत भांडं काढायला वाकली.